कंत्राटी तरुणाला संघटनेत स्थान कधी? भिलाईचा अनुभव आणि आफ्रिकेचा धडा

कुरुद (भिलाई) – देशातील चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्यांच्या गुणदोषांची चर्चा प्रामुख्याने संपाची नोटीस, कामगार कपात आणि सामाजिक सुरक्षा या मुद्द्यांभोवती फिरत आहे. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या तरुण कामगाराच्या वतीने वाटाघाटी कोण करणार, हा प्रश्न मात्र मागे पडला आहे. पोलाद नगरी भिलाई आणि तिच्या परिसरातील कुरुदसारख्या वस्त्यांच्या दृष्टीने हाच प्रश्न कळीचा आहे.

औद्योगिक संबंध संहितेनुसार, एका आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असल्यास हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेलाच एकमेव वाटाघाटीचा अधिकार मिळतो. असा पाठिंबा कोणालाही नसल्यास २० टक्के सदस्यांच्या निकषावर वाटाघाटी परिषद स्थापन होते. ही तरतूद वरकरणी तर्कशुद्ध आहे. परंतु कंत्राटी कामगाराचे नाव असते कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, मूळ कारखान्याच्या नव्हे. परिणामी ज्या यंत्रावर तो राबतो, त्याच्या मालकाशी होणाऱ्या वाटाघाटीत त्याचे मत मोजले जाण्याची शक्यता कमी असते. कंत्राट बदलले की त्याची नोकरी जाण्याचा संभव असतो, आणि नोकरीबरोबर संघटनेचे सदस्यत्वही.

भिलाईला हा प्रश्न नवा नाही. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. कायम कामगारांना वेतन, निवास आणि वैद्यकीय सुविधा मिळाल्या. पण प्रकल्पाला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील कंत्राटी खाण कामगार त्यापासून वंचित राहिले. प्रस्थापित संघटनांवर नाराज झालेल्या या कामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी जून महिन्यात झालेल्या गोळीबारात कामगारांना प्राण गमवावे लागले. तरीही संघटना टिकली. वेतनवाढीपुरते आपले कार्य मर्यादित न ठेवता तिने दारूबंदीची मोहीम चालविली आणि १९८३ मध्ये कामगारांच्या श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले.

पुढे हे आंदोलन भिलाईच्या खाजगी कारखान्यांपर्यंत पोहोचले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्थानकावर लोहमार्ग रोखून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. आजच्या विशीतील कामगारांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

आफ्रिका खंडातही असेच चित्र दिसते. तेथील सुमारे ६० टक्के लोकसंख्या २५ वर्षांखालील असून बहुसंख्य तरुण असंघटित क्षेत्रात काम करतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषविरोधी लढ्यात अग्रभागी असलेली खाण कामगारांची जुनी संघटना सामान्य कामगारांपासून दुरावली. प्लॅटिनम खाणींतील अनेकांनी तिची साथ सोडली. त्या असंतोषाच्या काळात, १६ ऑगस्ट २०१२ रोजी, मारिकाना येथे पोलिसांच्या गोळीबारात ३४ खाण कामगार ठार झाले. याउलट, १ मे २०२३ रोजी केनियाच्या राजधानीत समाजमाध्यमांवरील मजकुराची छाननी करणाऱ्या दीडशेहून अधिक कामगारांनी संघटना स्थापन करण्याच्या बाजूने कौल दिला. हे कामगारही बड्या कंपन्यांसाठी, पण मध्यस्थ कंपन्यांमार्फत काम करीत होते.

या उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. तरुण संघटनेपासून दूर राहतात, हे म्हणणे अपुरे आहे. अनेकदा संघटनाच त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. अर्थात कायम कामगारांच्या संघटनांचीही अडचण आहे. कायम पदे घटत असताना आहे ते राखण्यातच त्यांची शक्ती खर्च होते आणि कंत्राटी कामगार त्यांना प्रतिस्पर्धी वाटू लागतो. मात्र कायम पदे घटतील तसा संघटनेचा पायाही आकुंचन पावणार आहे. त्यामुळे कंत्राटी कामगाराला सामावून घेणे, हा तिच्या अस्तित्वाचा प्रश्न ठरतो.

त्यासाठी काही पावले उचलता येतील. कंत्राटदार बदलला तरी सदस्यत्व कायम राहावे. तरुणांना केवळ युवा शाखेत न बसविता कार्यकारिणीत आणि वाटाघाटीच्या शिष्टमंडळात स्थान मिळावे. भविष्य निर्वाह निधी, अपघात भरपाई आणि वेतनपावती यांसारख्या दैनंदिन बाबींत संघटनेने साहाय्य करावे. कामगार वस्तीत कार्यालय असावे, कारण कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी तरुण मोकळेपणाने बोलू शकत नाही.

१८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणणारे नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा जेमतेम छत्तिशीचे होते. कामगार चळवळ जन्मतः तरुण होती. कुरुदसारख्या वस्तीतून पाळीला निघणारा तरुण तिला पुन्हा आपली मानतो की नाही, यावर नव्या संहितांच्या काळात तिची ताकद ठरेल.