जुन्या मोटारीचा न मांडलेला खर्च

मोटार बारा-पंधरा वर्षांची झाली आणि तिचे कर्ज फिटले, की ती आता जवळजवळ फुकटात चालते, असा समज पगारदार कुटुंबात रूढ होतो. मग ऐन लग्नसराईत ती रस्त्यात बंद पडते, टोचन करून गॅरेजात न्यावी लागते आणि त्या महिन्याचे सारे अंदाजपत्रक कोलमडते. यास आकस्मिक संकट म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः अनिश्चित असते ती केवळ तारीख. बिघाड ठरलेलाच असतो.

कारखानदार आपल्या यंत्रांची झीज दरवर्षी घसारा म्हणून खर्ची टाकतो; कुटुंबाच्या जमाखर्चात मात्र तिला स्थान नसते. बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकते. रेडिएटरच्या रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. पाणी गळाल्याचे ध्यानात येईपर्यंत इंजिन तापून हेड गॅस्केट जाते आणि किरकोळ किमतीच्या नळीपायी हजारोंचे काम निघते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ते वर्षानुवर्षे बदलले नाही, तर कसाऱ्यासारखा लांब घाट उतरताना त्यास उकळी फुटून ब्रेक लागेनासे होण्याचा धोका असतो. तेव्हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

या बाबतीत कायद्यावर विसंबून राहण्यातही अर्थ नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या अवधीत धुराचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ब्रेकच्या नियतकालिक तपासणीची सक्ती नाही. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते व त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. म्हणजे मोटार म्हातारी होत असतानाच्या वर्षांत तिच्या प्रकृतीची चौकशी करणारा मालकावाचून दुसरा कोणी नाही.

खरी कसोटी मोठ्या दुरुस्तीच्या वेळी लागते. ‘आजवर इतके घातले, तर हेही घालू’, हा युक्तिवाद घरोघर ऐकू येतो. परंतु बुडीत खर्चाच्या आधारे पुढचा निर्णय घेणे ही चूक आहे. समजा, बंद पडलेली मोटार आहे त्या स्थितीत ४०,००० रुपयांस विकली जाईल. ३०,००० रुपये खर्चून ती दुरुस्त केल्यास वर्षभर चालेल व वर्षअखेरीस तिचे ४५,००० रुपये येतील. तर पुढील वर्षाच्या वापराची किंमत, पेट्रोल, विमा व किरकोळ देखभाल वगळता, २५,००० रुपये पडते. हा आकडा नव्या मोटारीचे हप्ते किंवा रिक्षा व एस.टी.चे वर्षाचे भाडे यांच्याशी ताडून पाहावा. गेल्या दिवाळीत क्लचवर घातलेले पैसे या हिशेबात कोठेही येत नाहीत.

असा हिशेब केल्यावर पुष्कळदा जुनी मोटार ठेवणेच शहाणपणाचे ठरेल, कारण नव्या मोटारीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वांत वेगाने घसरते आणि कर्जाचे व्याज वेगळे. मात्र चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला अशी गत झाली, की मोह सोडावा. जुनी मोटार ठेवणाऱ्याने गेल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीची बिले एकत्र करून त्यांची मासिक सरासरी काढावी व तेवढी रक्कम दरमहा निराळ्या खात्यात टाकावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नळ्या, पट्टे, बॅटरी, टायर व ब्रेक यांची तपासणी त्याच रकमेतून करून घ्यावी. ही रक्कम बाजूस काढणे ज्या कुटुंबास जड जाते, त्यास ती मोटार आजच परवडत नाही, हे बिघाडापूर्वी कळलेले बरे.