तात्पुरत्या अडसराचे आयुष्य

उत्तरेतील एका जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी असताना मी एक रस्ता बंद केला होता. कचेरीच्या मागून जुन्या घाटावरील मंदिराकडे जाणारी ती अरुंद वाट. कारण साधे होते: मतमोजणीचे दहा दिवस. आदेशात 'पुढील आदेशापर्यंत' हे शब्द लिपिकाने सवयीने घातले, मीही सवयीने सही केली. निवृत्तीनंतर त्या गावी गेलो, तेव्हा लाकडी अडसराच्या जागी लोखंडी फाटक होते आणि शेजारी पहारेकऱ्याची चौकी. घाटावर निघालेल्या वृद्ध स्त्रिया साऱ्या बाजारपेठेला वळसा घालत होत्या. फाटक कशासाठी, हे पहारेकऱ्यास ठाऊक नव्हते. "वरून आदेश आहे," एवढेच तो म्हणाला. तो आदेश माझाच, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

बंदी घालण्याचा अधिकार शासनाला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर झालेला हल्ला किंवा 2008 मध्ये नैनादेवी आणि जोधपूरच्या चामुंडा मंदिरात चेंगराचेंगरीत गेलेले बळी ज्याने पाहिले, तो खुल्या दाराचे भाबडे गुणगान करणार नाही. प्रश्न बंदी संपण्याचा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 चा, म्हणजे आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 163 चा, आदेश दोन महिन्यांनी संपतो. राज्य सरकारला तो फार तर आणखी सहा महिने वाढवता येतो. असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि कारण दाखवल्यावाचून पुनःपुन्हा काढू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावले. कागदाला अशी मुदत आहे. लोखंडाला नाही.

देवस्थानांतही हेच घडते. उज्जैनच्या महाकाल मंदिराचे गर्भगृह 2023 च्या श्रावणातील गर्दीसाठी काही आठवडे बंद करण्यात आले. श्रावण सरला, सामान्य भाविकांसाठी दार मात्र उघडले नाही. महनीय पाहुणे आत गेल्याच्या बातम्या तेवढ्या येत राहिल्या. शिवलिंगाची झीज हे बंदीचे सबळ कारण असू शकते. पण मग ती झीज पाहुण्याच्या स्पर्शानेही व्हायलाच हवी.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे त्रावणकोर संस्थानातील वैकोम आठवते. 30 मार्च 1924 रोजी तेथे सुरू झालेला सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी नव्हता; मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे, एवढीच मागणी होती. त्या रस्त्यांवरून ख्रिस्ती आणि मुसलमान जाऊ शकत, अवर्ण हिंदू मात्र नाही. दीड वर्षाहून अधिक काळ चाललेल्या लढ्यानंतर तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा राहिलाच. मंदिरांची दारे उघडण्यास 12 नोव्हेंबर 1936 ची राजघोषणा यावी लागली. वैकोमची बंदी आणि माझे फाटक यांची तुलना करणे त्या सत्याग्रहींवर अन्याय होईल. तरी रूढी आणि 'वरचा आदेश' यांच्यात एक साम्य आहे: दोहोंपुढे कारण विचारणाराच उद्धट ठरतो.

सरकारी कार्यालयांत तर फलकच कायदा होऊन बसतो. पोलीस ठाण्यात चित्रीकरण केले म्हणून एका नागरिकावर 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला गेला होता. त्या अधिनियमातील 'निषिद्ध स्थान' या व्याख्येत पोलीस ठाणे मुळी बसतच नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितले आणि तो गुन्हा रद्द केला. व्याख्या जवळपास शंभर वर्षे छापील होती. ती उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

प्रत्येक बंद फाटकावर चार ओळी लिहिल्या जाव्यात: कोणत्या कलमान्वये, कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेपर्यंत आणि दाद कोठे मागायची. माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 4 प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना आपणहून कळवण्यास सांगतेच. तारीख उलटली की अडसर आपोआप निघावा आणि तो ठेवायचा असेल तर नव्याने सही करणाऱ्याने नव्याने कारण लिहावे.

त्या जिल्ह्यातील आजच्या अधिकाऱ्यांना मी पत्र लिहून माझा आदेश मागे घेण्याची विनंती केली. दोन महिन्यांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले. मूळ नस्ती सापडत नाही. सबब आदेश रद्द करणे तूर्त शक्य नाही.