शिळेपणाचा बागुलबुवा

नोकरीस जाणाऱ्या गृहिणीने रविवारी बसून आठवड्याच्या स्वयंपाकाची पूर्वतयारी करून ठेवली, की ‘शिळे खाणे आपल्या धर्मात बसत नाही’ असा निवाडा देणारे पुरुष आमच्या देवळांच्या चौकात उणे नाहीत. निवाडा देण्यापूर्वी नियम त्याच्या अपवादासह वाचावा, ही आमची वकिली सवय. म्हणून हे प्रकरण आम्ही चालविण्यास घेत आहो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नाची गणना तामसी आहारात केली आहे, हे खरे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील 24 व 25 हे श्लोक पाहावेत. स्निग्ध पदार्थ शिळे झाले तरी खाण्यास तेथे मोकळीक आहे. जव, गहू व दूध यांचे पदार्थ तर स्नेहावाचूनही चालतात. शीतकपाट नसलेल्या काळातही शास्त्रकारांनी सरसकट बंदी घातली नाही. देवाची गोष्ट वेगळी. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचा किंवा पेडण्याच्या भगवतीचा नैवेद्य ताजाच हवा, याविषयी आमचा वाद नाही. पण देवाच्या ताटाचा नियम यजमानाने आपल्या ताटास लावून घेणे, यात भक्तीपेक्षा चैन अधिक.

आता रूढी पाहू. पावसाळ्यापूर्वी सोलां, मिठातले आंबे, सांडगे, पापड, सुकी मासळी यांचे पुरुमेंत भरून ठेवणाऱ्या गोव्याला आगाऊ तयारीचे वावडे केव्हापासून झाले? रात्री उरलेले हुमण सकाळी मंद विस्तवावर आटवून पेजेबरोबर चाखताना ज्यांना धर्म आठवत नाही, त्यांना तो रविवारच्या वाटपाच्या डब्यापाशीच का आठवावा?

आक्षेपाचा एक अंश मात्र आम्हास मान्य आहे. आमच्या दमट हवेत ओल्या नारळाचे कालवण बाहेर राहिले तर आंबते. शिजलेला भात तासन्‌तास उघड्यावर राहिला तर त्यात असे विष तयार होऊ शकते, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा भात रोजचा रोज शिजवावा. भाजलेले वाटप, खवलेला नारळ, साफ केलेली मासळी बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. उकडलेले अळसांदे किंवा शिजवलेली भाजी लवकर निववून शीतकपाटात ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. येथे प्रश्न आरोग्याचा आहे, सोवळ्याचा नव्हे.

मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे. तुये आणि डिचोली येथे औद्योगिक वसाहती आहेत. पाळीवर जाणारी स्त्री पहाटे चूल पेटवून घर सोडते आणि परतल्यावर पुन्हा चुलीपुढेच उभी राहते. रविवारच्या तयारीने तिच्या पदरी रोज तासभर उरला, तर कोणाचा धर्म बुडतो?

1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात एक तत्त्व चालत आले आहे: वेगळा विवाहकरार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक. आजच्या कायद्यातही ते टिकून आहे. मालमत्ता अर्धी, मग चूल तेवढी संपूर्ण तिची, ही वाटणी कोणत्या संहितेतली? ज्यांना ताजेच हवे, त्यांनी ते रोज स्वतः रांधावे. आमची हरकत नाही. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी रविवारी विळीवर बसून नारळ खवावा. दोहोंपैकी काहीच न करणाऱ्यास या प्रकरणात बोलण्याचा अधिकार पोचत नाही.