पाळण्यातून काय काढायचे?

बर्डीच्या मेन रोडवर रविवारच्या गर्दीतही बाळंतविडा घ्यायला निघालेली मंडळी लगेच ओळखू येतात. झबली, टोपडी, दुपटी घेऊन झाली की त्यांची पावले बिछान्याकडे वळतात. मऊ गादी, दोन्ही बाजूंना लोड, मोहरीची उशी, झालरीचा पाळणा. नव्या जिवासाठी हात आखडता घ्यायचा नाही, ही आपली रीत. बाळाच्या झोपेच्या बाबतीत मात्र तो थोडा आखडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. नाकावर लोड किंवा दुपट्याची घडी आली, तर तोंड बाजूला घेण्याइतके बळ त्याच्यात नसते. म्हणून बालरोगतज्ज्ञ सांगतात ते अगदी साधे आहे. पहिले वर्षभर बाळाला उताणे झोपवावे. गादी सपाट आणि कडक असावी, चादर ताणून बसवलेली असावी. उशी, लोड, जाड पांघरूण, मऊ खेळणी यांतले काहीही आत नको. कठड्याच्या दोन दांड्यांत सहा सेंटिमीटरहून अधिक फट नसावी. अंग सरकून मान अडकते. डोके गोल व्हावे म्हणून उशी लागत नाही. बाळ जागे असताना, समोर कुणीतरी बसून, त्याला थोडा वेळ पालथे ठेवले तर मानही बळकट होते.

यावर घराघरांत एक उत्तर तयार असते : ‘आमची मुले नाही का वाढली?’ वाढली, आणि त्यात आजीचे श्रेय मोठे आहे. आपल्याकडे पाळण्यात बाळ उताणेच ठेवत आले. उलट पाश्चात्त्य देशांत डॉ. स्पॉक यांच्या अफाट खपाच्या पुस्तकानेही काही दशके पालथे झोपवण्याचा सल्ला दिला होता. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दशकभरात झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. डॉक्टरांनी आपला सल्ला बदलला. मग आजीने उशी बाजूला ठेवण्यात कमीपणा कसला? शिवाय वाढलेली मुलेच आपली कहाणी सांगायला उरतात. जी रात्रीतून गेली, त्यांच्याबद्दल ‘दृष्ट लागली’ एवढेच म्हटले गेले.

झोळीचेही तसेच. शेतात राबणाऱ्या बाईला लुगड्याच्या झोळीने मोठाच आधार दिला आहे. पण झोळीत अंग वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. हा दोष केवळ गरिबाच्या झोळीत नाही. एका नामांकित अमेरिकन कंपनीला २०१९ साली आपले सुमारे ४७ लाख उतरते पाळणे परत मागवावे लागले, आणि २०२२ मध्ये तिथे असे उतरते बिछाने कायद्यानेच बंद झाले. झोके जरूर द्यावेत; डोळा लागला की बाळ सपाट जागी ठेवावे.

आपल्या नागपुरात उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात घरात टोपडे आणि गुंडाळलेले दुपटे यांनी बाळ तापते. एक सुती झबले पुरे. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको. थंडीत आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब हवीच, पण ती अंगातल्या कपड्यांची असावी, सैल पांघरुणाची नव्हे.

बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या जागेवर असावे. एकाच खोलीचे घर असेल तर आईशेजारी जमिनीवर वेगळी, पातळ, कडक गादी पुरते. त्यासाठी पैसा लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू कमी करून दाखवले, १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले. तान्ह्या जिवाचे रक्षण घरातल्या जाणत्या माणसांच्या हातून होते, हे आपल्या विदर्भानेच सिद्ध केले आहे.

आणि सगळ्यांत अवघड वेळ म्हणजे रात्री तीनची. दमलेली आई सोफ्यावर पाजता पाजता झोपी जाते, आणि बाळासाठी सोफ्याइतकी धोक्याची जागा दुसरी नाही. त्या वेळी बाकीचे घर गाढ झोपलेले असते. बारशाला पाळण्याच्या खालून-वरून बाळ झेलायला किती हात पुढे होतात! त्यांतले दोन हात, मग ते बाबांचे असोत, आजोबांचे असोत की आजीचे, रोज रात्री उठोत, बाळाला आईच्या कुशीतून उचलून त्याच्या जागी उताणे निजवोत. बाळंतविड्यात याहून मोलाचे काही घालता येणार नाही.