शाबासकी नको, मत द्या

फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या वर्ध्यात भरलं. सिंदी मेघे वर्धा शहराला चिकटूनच आहे, त्यामुळे संमेलन म्हणजे आमच्या दारातलंच. शेजारच्या एका मित्राला म्हटलं, चल. तो म्हणाला, "वहाँ अपना क्या है?" मी एकटाच गेलो, ग्रंथदालनात फिरलो, पिशवी भरून परतलो. संध्याकाळी तो घरी आला. पिशवीतलं एकेक पुस्तक उचलून नाव बघायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "ये अपने फेवर में है, के अपने खिलाफ?"

पुस्तक चांगलं आहे का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याच्यावर माझा राग नाही, कारण कित्येक वर्षं मीही हेच विचारत आलो. हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे.

आपल्या पोरांमध्ये पुस्तकावर तीनच शेरे चालतात. लेखक आपला असेल तर "माशाअल्लाह, बहोत खूब". लेखक टीका करणारा असेल तर "बिका हुआ आदमी है". आणि पुस्तक आपलं असूनही कच्चं वाटलं तर गप्प बसायचं. या तिन्ही शेऱ्यांसाठी पुस्तक उघडावं लागत नाही. आपल्या प्रत्येक शैक्षणिक कार्यक्रमाच्या बॅनरवर "इक़रा" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ "वाच". त्याच कार्यक्रमात पुस्तकांचं टेबल मात्र दिसत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणाचाही कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. सगळ्यात धोकादायक सहकारी कोण, तर न वाचता "छान आहे" म्हणून पास करणारा. त्याचा स्वभाव गोड असतो, सगळ्यांना आवडतो, आणि रात्री दोन वाजता सिस्टीम बंद पडते ती त्याच्याच मेहेरबानीनं. चूक दाखवणारा कुणाचा शत्रू नसतो. त्यानं वेळ काढून ओळ न् ओळ वाचलेली असते, हीच त्यानं तुमची केलेली कदर.

हे कुणाला परकं वाटेल, म्हणून घरचं उदाहरण देतो. हदीसच्या अभ्यासात "जर्ह व तादील" नावाची एक पूर्ण विद्याशाखा आहे. कोणता रावी भरवशाचा, कोणाची स्मरणशक्ती कच्ची, कोणी ऐकीव गोष्ट पुढे ढकलली, याची नावानिशी छाननी. माणूस नेक आहे, नमाजी आहे, एवढ्यावर त्याची रिवायत पास होत नसे. अली इब्न अल्-मदीनी या मोठ्या मुहद्दिसानं आपल्या सख्ख्या वडिलांना कमजोर रावी ठरवलं, असं परंपरा सांगते. वडिलांबद्दल खरं बोलायची हिंमत असलेल्यांचे आपण वारस. आणि आपल्याला ओळखीतल्या कवीचा संग्रह फसलाय, एवढं म्हणवत नाही.

म्हणून गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या पुस्तकांबद्दल मला जे वाटलं ते सरळ सांगतो. पटलं नाही तर भांडा, पण वाचून भांडा.

सुरुवात हमीद दलवाईंपासून, कारण न वाचता सर्वात जास्त मतं याच माणसाबद्दल दिली जातात. 'इंधन' ही त्यांची १९६५ची कादंबरी. कोकणातलं गाव, अनेक वर्षांनी परतलेला मुलगा, आणि जुन्या शेजाराला हळूहळू लागलेली आग. मला ती फार आवडली. दंगल कशी पेटते हे सांगताना लेखक कुठल्याच बाजूला निर्दोष ठरवत नाही, सांगणाऱ्या नायकालाही नाही. उणीव एकच, पण मोठी. या कादंबरीतल्या बायका आग लागायला कारण ठरतात, त्यांचं स्वतःचं मन मात्र धुरातच राहतं.

'मुस्लिम जातीयतेचे स्वरूप, कारणे व उपाय' हे १९६८चं पुस्तक वाचताना मी बऱ्याच ठिकाणी चिडलो. काही ठिकाणी चिडलो, कारण ते खरं होतं. नेत्यांनी समाजाला भावनेवर ठेवलं, घरातल्या बाईच्या हक्कावर बोलायचं टाळलं, हे त्यांनी लिहिलं तेव्हा खरं होतं आणि आजही फार खोटं नाही. पण काही ठिकाणी ते मला अपुरे वाटले. त्यांचा मुसलमान बहुतेक वेळा "मन" म्हणून भेटतो. विणकर, बागवान, कसाई, विडी कामगार, गॅरेजवाला म्हणून तो क्वचितच समोर येतो. पोटाचा आणि जातीचा प्रश्न बाजूला ठेवून फक्त मानसिकता बदलायला सांगितली, तर ऐकणारा कान बंद करतो. दलवाईंच्या बाबतीत तसंच झालं.

ही टीका मी त्यांना वाचून करतोय. आपल्यातल्या बहुतेकांनी त्यांना न वाचता सोडून दिलं, आणि त्याचा परिणाम बघा. आज दलवाईंची वाक्यं कोण वापरतं? मुसलमानांना टोचायला ज्यांना काठी हवी असते ते. हेच दलवाई हिंदू पुनरुज्जीवनवादालाही नाकारतात, हे टोचणारे सांगत नाहीत. आणि आपण वाचलेलंच नसल्यामुळे आपल्याला उलट विचारता येत नाही. जे पुस्तक आपण टाकून देतो ते दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतं.

त्यांच्यानंतर लगेच मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' वाचलं. माझ्या मते दलवाईंच्या भक्तांनी आणि विरोधकांनी, दोघांनीही आधी हे वाचावं. १८ एप्रिल १९६६ला मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला, १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, या तारखा आपण पाठ करतो. चळवळ करणाऱ्या माणसाच्या घरात पगार कोण आणत होतं, आजारपण कोण काढत होतं, हे या पुस्तकात कळतं. नाराजीही सांगतो. बाई फार लवकर माफ करतात. जिथे वाचणाऱ्याला राग येतो तिथे त्या समजून घेऊन पुढे जातात. मला तो राग हवा होता. त्या जून २०१७मध्ये गेल्या. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. मोर्च्यापासून एक्कावन्न वर्षं! तेवढ्या काळात आपण हा प्रश्न स्वतः सोडवला असता, तर बाहेरच्या कुणाला त्यावर राजकारण करायला जागाच उरली नसती.

सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर २०१८मध्ये गेले. दलवाईंनी जे सोडलं ते बेन्नूरांनी उचललं: मुसलमानांतल्या जाती, कारागिरांची स्थिती, इतिहासाचं मोडतोड करून केलेलं लेखन. विचार म्हणून मी त्यांच्या जास्त जवळ आहे. पण त्यांचे लेख वाचणं कष्टाचं काम आहे. एकच मुद्दा तीनदा येतो, संदर्भांची गर्दी होते, आणि विशीतला वाचक दुसऱ्या पानावर फोन हातात घेतो. त्यांना एक कडक संपादक हवा होता. आपल्या चळवळीत संपादक तयार होत नाहीत, कारण चूक दाखवणं म्हणजे बेअदबी असं आपण धरून चाललोय.

बेन्नूरांच्या सोलापुरातच १९९०मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. मित्राच्या "वहाँ अपना क्या है" याला खरं तर एवढं उत्तर पुरे. पण नुसती नावं सांगून थांबणं हाही एक आजार आहे. रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' वाचताना तो मला माझ्यातच सापडला. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे नाव मी भाषणांत अनेकदा ऐकलंय, स्वतः वापरलंयही. आम्ही मराठीच, हा घ्या पुरावा, या थाटात. 'योगसंग्राम' मात्र मी पहिल्यांदा आत्ता उघडला. अवघड आहे. अर्धा समजला नाही, काही भाग कंटाळवाणा वाटला. पण ढोंगी गुरूंची तो अशी हजेरी घेतो की आजचे कित्येक बाबा आणि आमिल आठवावेत. शेख महंमदांना आपण ओळखपत्रासारखं खिशात ठेवलंय, कुणी हटकलं की काढून दाखवायला. कवीची एवढी अवहेलना त्याच्या दुश्मनानंही केली नसेल.

आता शेजारच्या कर्नाटकात. बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला मे २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कन्नडमधून इंग्रजीत दीपा भास्ती यांनी आणलेल्या बारा कथा. त्या दिवशी माझ्या फोनवर अभिनंदनाचे इतके मेसेज आले की मलाच बुकर मिळाल्यासारखं वाटलं. नंतर विचारलं, वाचलं कुणी? सगळे गप. मी वाचलं. नवऱ्यानं टाकलेली बाई, मशिदीच्या मुतवल्लीपुढे न्याय मागणारी बाई, बायको गेल्यावर काही दिवसांत दुसरं लग्न उरकणारा प्रेमळ नवरा. वाचताना आपल्याच मोहल्ल्यातली घरं दिसायला लागतात. तक्रार ही की त्यांचे पुरुष बहुतेक एकाच साच्यातले आहेत. चार-पाच कथांनंतर पुरुष दारात आला की पुढे काय होणार ते कळतं. तरीही पुस्तक वाचाच. ज्या अर्थी यातल्या बायका आपल्याला ओळखीच्या वाटतात, त्या अर्थी अभिनंदनाच्या मेसेजवर सुटका नाही.

एक पुस्तक माझ्या धंद्यातलं. कॅथी ओनील या गणितज्ञ बाईंचं 'वेपन्स ऑफ मॅथ डिस्ट्रक्शन', २०१६चं. कर्ज, नोकरी, पोलीस बंदोबस्त यांत गणिती मॉडेल गरिबांवर अन्याय कसा करतात, आणि गणित आहे म्हणून कुणी प्रश्न कसा विचारत नाही, याबद्दल. मुद्दा पक्का आहे, उदाहरणं जवळजवळ सगळी अमेरिकेतली. पुण्यात नुसतं आडनाव ऐकून घर नाकारलं गेलेल्या पोराला हे पुस्तक लगेच समजेल. इथल्या उदाहरणांचं पुस्तक मात्र आपल्यापैकीच कुणाला तरी लिहावं लागेल.

शेवटचं जे वाचलं ते पुस्तक नाही, निकाल आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दूही असू शकते, असं सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२५मध्ये सांगितलं. भाषा धर्माची नसते, माणसांची आणि प्रदेशाची असते, हा त्याचा गाभा. आपण उर्दू जिंकली म्हणून खूश झालो. पण तोच न्याय दुसऱ्या बाजूनंही लागतो. भाषा धर्माची नसेल तर मराठीही आपलीच, पूर्ण मालकीनं. मग "वहाँ अपना क्या है" हा प्रश्न आपल्याला शोभत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. "भाई, बाहेर लोक टपून बसलेत. आपणच आपल्या पुस्तकांत खोट काढली तर त्यांच्या हातात कोलीत." भीती खरी आहे. आज फोनवरचा एक स्क्रीनशॉट कुणाचं तरी दुकान बंद करू शकतो. पण विचार करा, गप्प राहून इतक्या वर्षांत काय वाचलं? कोलीत त्यांना मिळालंच. फरक एवढाच की उत्तर द्यायला आपल्याकडे वाचलेला माणूस नव्हता. २००६च्या सच्चर अहवालाचं नाव प्रत्येक सभेत निघतं, आणि समोरच्यानं एक आकडा विचारला की आपण एकमेकांकडे बघतो. टीका लपवल्यानं समाज सुरक्षित होत नाही. तो फक्त अडाणी राहतो, आणि अडाण्याला हरवणं सोपं असतं.

माझ्या मित्राचं पुढे काय झालं तेही सांगतो. 'इंधन' मी त्याला दिलं. तीन आठवड्यांनी परत आणलं आणि म्हणाला, "आदमी सही लिखता है, लेकिन आखिर में जल्दी कर दी." मला ते पटलं नाही. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही भांडलो, अम्मीनं दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा दिवा बंद केला. त्या रात्री फेवर आणि खिलाफ हे शब्द एकदाही निघाले नाहीत.

आता तो, मी आणि आणखी चार जण महिन्याच्या पहिल्या रविवारी जुहरनंतर बसतो. नियम दोनच. पुस्तक संपवलेल्यानंच बोलायचं, आणि प्रत्येकानं एक जमलेली व एक फसलेली गोष्ट सांगायची. तुमच्या गावात सहा माणसं मिळणार नाहीत असं होणार नाही. पुढच्या रविवारी बसा. आणि हा लेखही त्यात घ्या, फसलेली गोष्ट काढायला.