फरारी हाती लागला, खटल्याचे काय?

दहशतवादी हल्ल्यातला फरारी जिथे सापडेल तिथेच संपवावा, प्रत्यार्पण आणि कोर्टकचेरीत वर्षे कशाला घालवायची, हे मत सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यापासून मुंबईपर्यंत कुठेही ऐकू येते. त्यामागचा संताप खरा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्यांच्या घरच्यांना आणखी थांबा म्हणणे कठीणच. तरीही हे मत चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे: बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल.

मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसने पाठलाग करून आरडीएक्स आणि एके-४७ रायफलींनी भरलेली गाडी पकडली. दुसरी गाडी घेऊन झबिउद्दीन निसटला आणि देशाबाहेर गेला. अडीच वर्षांनी, मुंबईतल्या हल्लेखोरांना कराचीतून फोनवर सूचना देणाऱ्यांत तोही होता, असा त्याच्यावर आरोप आहे. आपल्याला हिंदी शिकवणारा अबू जुंदाल नावाचा माणूस होता, हे तपासात सांगितले ते जिवंत सापडलेला हल्लेखोर कसाब याने. तो बोलू शकला, कारण पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून त्याला जिवंत धरू दिले. त्या रात्री दहाच्या दहा हल्लेखोर मेले असते तर कटाच्या कितीतरी कड्या अंधारातच राहिल्या असत्या. मारलेला आरोपी साक्ष देत नाही, हा या मताच्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

आता आक्षेप वेळेचा. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला भारताच्या मागणीवरून जून २०२० मध्ये अमेरिकेत पुन्हा अटक झाली आणि तो दिल्लीत उतरला १० एप्रिल २०२५ रोजी. जवळपास पाच वर्षे! पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचे सगळे आक्षेप ऐकून फेटाळले गेल्यामुळे त्याला कसे आणले, याविषयी आज वाद घालायला फारशी जागा उरलेली नाही. उलट झबिउद्दीन जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून झटपट आला. दिल्ली पोलीस म्हणाले, त्याला दिल्लीत पकडले. तो म्हणाला, सौदीत धरून इथे आणले. प्रवासाची कागदपत्रे त्याने मागितली, २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने ती देण्याचा आदेश दिला, त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २६/११ चा खटला थांबला. तो आदेश रद्द व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. आणताना वाचवलेला वेळ असा कित्येक पटींनी खर्ची पडला.

यावर कोणी म्हणेल, कागदोपत्री वाट पाहिली असती तर तो मिळालाच नसता. सौदीने गुपचूप दिला, हेच नशीब. हे मला मान्य आहे. मित्रदेशाची अडचण समजून घ्यावी लागते. पण गुप्तता परराष्ट्रासाठी राखायची असते, न्यायाधीशापासून नव्हे. संवेदनशील कागद बंद पाकिटात न्यायालयापुढे ठेवता येतात. पहिल्याच वर्षी तसा निर्णय लागला असता तर एवढा काळ वाया गेला नसता. शिवाय मे २००६ च्या त्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणाचा निकाल २०१६ मध्ये लागलाच ना? त्यात झबिउद्दीनला जन्मठेप झाली आणि आठजण निर्दोषही सुटले. दोषी कोण आणि नाही कोण, हे उघड न्यायालयाने वेगळे करून दाखवले. गेवराईच्या एखाद्या मोहल्ल्यावर सरसकट शिक्का बसू न देण्याचा याहून चांगला मार्ग माझ्या माहितीत नाही.

पाकिस्तान कधीच कोणाला देणार नाही, मग कागद कशाला, हा शेवटचा आक्षेप. २६/११ च्या कटातला आरोपी साजिद मीरचे पाहा. तो मेला, असे सांगितले गेले होते; आंतरराष्ट्रीय आर्थिक कृती दलाच्या (एफएटीएफ) दबावाखाली २०२२ मध्ये त्याच पाकिस्तानात त्याला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा झाल्याचे उघड झाले. मुंबईच्या खुनांसाठी नव्हे, हे खरे आणि संतापजनक. पण 'मेलेला' माणूस जिवंत निघाला, तो चिवटपणे लावून धरलेल्या आरोपांमुळे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ नुसार घोषित फरारीवर त्याच्या गैरहजेरीतही खटला चालवता येतो. सरकारने हे कलम वापरून साक्षीदार हयात आहेत तोवर त्यांच्या साक्षी नोंदवून घ्याव्यात आणि झबिउद्दीनचा रखडलेला खटला रोजच्या रोज चालवावा.