बिबट्याला सफारी, कोपीला दार कधी?

मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. पुढे तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले. त्याच जिजाबाईंच्या पोटी आमच्या जुन्नरच्या शिवनेरीवर शिवराय जन्मले. गिरणी कामगार, माथाडी, जुन्नर-आंबेगावातून गेलेले डबेवाले सुटीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन जात ते याच बागेत. वाघ-हत्ती पाहण्याची गरिबाची ती हक्काची जागा होती. २०१६ साली पेंग्विन आले, आणि २०१७ साली ५ रुपयांचे तिकीट ५० रुपये झाले. चौकोनी कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवली हे खरे. पण एकट्यादुकट्या मजुराला दहापट मोजावे लागले, हेही तितकेच खरे.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, जुन्नर तालुक्यात आंबेगव्हाण येथे बिबट सफारी करण्याचे शासनाने ठरवले आहे. सफारीला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणासाठी?

कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्या उसात राहू लागला. २००१ नंतर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत गेले, असे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो. म्हणजे उचलून दुसरीकडे टाकणे हा उपाय नव्हे. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेल्या बिबट्याला पिंजरा आहे, अन्न आहे, डॉक्टर आहे. असायलाच हवे. मुक्या जीवाचा दोष नाही. परंतु त्याच उसाच्या कडेला ऊसतोड मजुराची कोपी असते, तिला दार नसते. मेंढपाळाची बाई पोराला कुशीत घेऊन उघड्यावर निजते. बागायतदाराच्या बंगल्याला कुंपण आहे. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या बाईला काय आहे?

संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. अनुच्छेद २१ मध्ये माणसाच्या जगण्याचा हक्क आहे. दोन्ही एकाच संविधानात आहेत. शासनाने त्यातले एकच पान वाचावे, हे चालणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. सफारीचे तिकीट शेतमजुराला परवडेल असे ठेवा. स्थानिक शाळांच्या मुलांना प्रवेश मोफत द्या. तेथील नोकऱ्या आधी आदिवासी, भूमिहीन व बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गमावलेल्या घरांना द्या. सफारीच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा मजुरांच्या बंदिस्त निवाऱ्यांसाठी, शौचालयांसाठी व दिव्यांसाठी राखून ठेवा. शेतीला वीज दिवसा द्या.

कार्यकर्त्यांनी जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक ग्रामसभेत हे ठराव मांडावेत आणि लेखी मंजूर करून घ्यावेत. तोंडी आश्वासन न्यायालयात उभे राहत नाही. सफारीचे फाटक उघडण्याआधी कोपीला दार लागले पाहिजे.